बिनउंबरठ्याचं दार

१

आमच्या घरी दुपारचा चहा मी करते आणि तो पिताना गप्पा दुसरीच्या होतात.

म्हणजे असं, की जळगावच्या उन्हातून हे चहापुरते ऑफिसातून घरी आले की हॉलमध्ये दिवाणावर आईंशेजारी टेकतात. हे म्हणजे प्रेमराज, माझे मिस्टर. सरकारी खात्यात नकाशे काढतात. आई म्हणजे तानुबाई, माझ्या सासूबाई, मूळच्या चोपड्याकडच्या, आता गुडघ्यांनी एका जागी बसवलेल्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकते. मध्ये चौदा इंची विटांची भिंत. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा कॉलम-बिलमचं खूळ नव्हतं, सगळा स्लॅब भिंतींच्या डोक्यावर. त्या भिंतीतून शब्द येत नाहीत, नुसता आवाज येतो. आधी आईंची कुजबुज, मग ह्यांचा हुंकार, मग दोघांचं हसू. मी कप घेऊन बोळातून वळसा घालून हॉलच्या दाराशी पोचते तोवर दोघं चिडीचूप. आई विचारतात, साखर टाकली का. हे मोबाइल बघायला लागतात.

त्या कुजबुजीत कोण असायचं हे सांगायला ज्योतिषी नको. दिपमाला. ह्यांची पहिली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्याच भिंतीवर, हॉलच्या बाजूने, तिचा हार घातलेला फोटो होता. मी धुळ्याहून आले, बी.कॉम. झालेली, दिसायला तिच्यापेक्षा उजवी, माझ्या हातच्या पुरणाच्या मांड्यांना अख्खी गल्ली नावाजते. पण मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते आमच्याकडे रोज चार वाजता निघायचं.

जिवंत सवत असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. मेलेलीच्या काय उपटणार? मागच्या अंगणात तिने लावलेला गवती चहा होता, तो उपटून टाकला. मला तो वास आवडत नाही म्हणून सांगितलं. हे नुसते ऑफिसला निघून गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

२

मग मीच ठरवलं की ही भिंत फोडायची. ह्यांना म्हटलं, आता सगळीकडे ओपन किचन असतं, फैजपूरच्या माझ्या बहिणीनेसुद्धा केलंय. खरं कारण वेगळं होतं. ओट्याशी उभं राहून मला त्या दोघांची तोंडं दिसायला हवी होती. मी समोर दिसत असताना तिचं नाव कोण काढतो ते बघितलं असतं.

ह्यांनी आधी नन्नाचा पाढा लावला. मग कागद घेऊन मला चित्र काढून दाखवलं, स्लॅब कुठे टेकलाय, बाण कुठे कुठे जातात.

"ही भार घेणारी भिंत आहे, वृषाली. भिंत काढता येते, भार काढता येत नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागतो."

मी म्हटलं, मग द्या की. मी चार दिवस अबोला धरला, तेव्हा नशिराबादचा रुपचंद मिस्त्री आला.

त्याने खडूने दाराएवढी चौकट आखली. ती नेमकी दिपमालाच्या फोटोवरून जात होती. मी फोटो उतरवला आणि कपाटावर, पालथा, ठेवला. चौकटीच्या वर त्याने भिंतीत आरपार भोकं पाडली, त्यांतून लोखंडी तुकडे घातले आणि दोन्ही बाजूंनी टेकू दिले. वरचं वजन टेकूंवर आल्यावर खालच्या विटा छन्नीने एकेक करून काढल्या. घरभर लाल धूळ झाली, डाळीतसुद्धा किचकिच लागायची. मग वर लोखंडी गर्डर चढवला, बाजूंनी सिमेंट भरलं. भिंतीत मोठा देखणा पोकळा झाला, दाराएवढी मोकळी जागा. हॉलमधून थेट माझा ओटा दिसायला लागला.

रुपचंदने विचारलं, उंबरठा कोणत्या दगडाचा घालायचा. मी म्हटलं, उंबरठा नकोच. इकडची फरशी तिकडे सरळ जाऊ दे, मध्ये रेघसुद्धा नको.

आई दिवाणावरून म्हणाल्या, "उंबरा नही ते मंग दार कसानं? मजारलं कोनतं नि बाहेरनं कोनतं, कसं समजी?"

एकाच घराची दोन टोकं, त्यात आत काय आणि बाहेर काय, असं मी त्यांना ऐकवलं. फरशी माझ्या मनासारखी बसली.

३

सिमेंट मुरेपर्यंत गर्डरच्या दोन्ही बाजूंचे टेकू काढायचे नाहीत, असं रुपचंदने बजावलं होतं. पण आखाजी आली, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, तशी माझी नणंद रत्नाताई यायची होती. तिच्यासमोर ते वाकडेतिकडे लाकडी खांब कोण मिरवणार? शिवाय तिचंही दिपमालावरच प्रेम. घर कसं पालटलंय ते तिला दाखवायची मला घाई होती. हे ऑफिसात असताना मी रुपचंदला बोलावून घेतलं. तो कुरकुरला, डोकं खाजवलं, आणि शेवटी हातोडा घेतला.

शेवटचा टेकू सैल झाला तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला. भरलेला हंडा डोक्यावर घेताना बाई श्वास रोखून 'हुं' करते, तेवढाच. मला वाटलं, आई असतील. मग लक्षात आलं की आई माझ्या मागे, दिवाणावर बसल्या आहेत.

रुपचंद कधीचा गर्डरकडे बघत होता. तडा शोधत असावा.

"काहीच हाललं नही, वहिनी," तो म्हणाला. "जसं काय कोनी खालून धरेल शे."

लाकडं सरकताना करकरतात, तसलंच काहीतरी ते असणार. मी झाडू घेतला आणि भुसा लोटला.

४

आखाजीला सकाळी उंबरठ्याची पूजा असते. घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने उंबरठ्यावर कुंकवाचं बोट उमटवायचं. मग पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवायची. जेवून-खाऊन पितर आपल्या वाटेने जातात. दर वर्षी हे आई करायच्या. यंदा त्यांना खाली बसवेना, म्हणून करंडा माझ्या हातात आला.

"बठ्ठास्नं नाव ले," त्यांनी सांगितलं. "कोनलेच सोडू नको. ज्यानं बोट ऱ्हायनं, त्याले वाट सापडत नही."

मी पुढच्या दाराच्या उंबरठ्याशी बसले. आजेसासूबाई धुरपदाबाई, एक बोट. सासरे तोताराम, एक बोट. चुलत्या, मावळणी, सगळ्या झाल्या. मग मी पुन्हा कुंकवात बोट बुडवलं आणि मान वळवून मागे पाहिलं. हे भिंतीला टेकून उभे होते. अजून मी नावसुद्धा घेतलं नव्हतं, आणि ह्यांचे डोळे भरून आले होते.

माझ्यासाठी त्या डोळ्यांत एकदा तरी पाणी आलंय का? मला डेंग्यू झाला होता तेव्हा हे डबा आणून ठेवायचे आणि दारातूनच ऑफिसला जायचे. सवतीला मी माझ्या हाताने कुंकू लावायचं, आणि ह्यांनी रडत बघायचं?

मी पुन्हा पाठ केली. ओठ हलवले. बोट उंबरठ्यावर टेकवलं नाही, पदराच्या आतल्या बाजूला पुसलं. माझी पाठ सगळ्यांकडे होती, कुणाला काही कळलं नाही.

५

पुढचे काही दिवस मी खरंच सुखात होते. चार वाजले की मी ओट्याशी, ते दोघं समोर. बोलणं व्हायचं ते उन्हाचं आणि केळीच्या भावाचं. कुजबुज बंद. रत्नाताईसुद्धा स्वयंपाकघराचं कौतुक करून गेली. हरलीस की नाही, असं मी मनातल्या मनात कपाटावरच्या पालथ्या फोटोला म्हणायची.

एकदा मी कुरडया काढायला गच्चीवर गेले होते. ऊन असं की चप्पल फरशीला चिकटत होती. डबा भरून खाली आले तर जिन्यातच ह्यांचं हसणं ऐकू आलं. असं मोकळं हसणं मी ह्या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं. हॉलमध्ये पाहते तर हे दिवाणावर, तोंड पोकळ्याकडे, हातात अर्धा प्यालेला कप. आई डुलक्या घेत होत्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

मी विचारलं, कुणाशी बोलत होता?

"तुझ्याशी," हे म्हणाले. मला जिन्याच्या दारात बघून त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. "तू वर कधी गेलीस?"

मी तो कप उचलला. तळाशी गवती चहाचा वास होता.

माणसाने डोकं ताळ्यावर ठेवावं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात माणूस काय करतं आणि काय विसरतं ह्याचा भरवसा नाही. चहा मीच टाकून वर गेले असेन. शेजारच्या वच्छलाबाईंकडे गवती चहा आहे, त्यांनी आईंना दोन पाती दिली असतील. हे हसले ते मोबाइलमधल्या कशाला तरी. अशी सगळी जुळवाजुळव मी केली आणि ती पटण्यासारखी होती.

रात्री जेवताना हे म्हणाले, "आज किती छान बोललीस गं. रोज बोलत जा ना अशीच."

सगळी जुळवाजुळव त्या एका वाक्याने बसली खाली. मी काय बोलले होते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला भीती वाटली नाही, खरं सांगते. मला राग आला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओट्याशी उभं राहून, माझ्या नवऱ्याला ती माझ्यापेक्षा गोड बोलत होती.

६

मग मी स्वयंपाकघर सोडेनाशी झाले. मी तिथे असले की काही व्हायचं नाही. आंघोळीला गेले, दाराशी भाजीवाल्याकडे गेले, की तेवढ्यात काहीतरी होऊन गेलेलं असायचं. गॅसची शेगडी गरम. सांडशी डाव्या खिळ्याला, मी उजव्याला लावते. आईंच्या पोटात रव्याचा शिरा, आणि वर मलाच शाबासकी की तूप आज बेतशीर पडलं.

हे लवकर घरी यायला लागले. बायकोला नवरा लवकर घरी आला तर आनंद व्हायचा, मी प्रत्येक वेळी आधी ओट्याकडे धावायचे. एक दिवस मी केस धुऊन बाहेर आले तर हॉलभर मोगऱ्याचा वास. मी इकडेतिकडे पाहिलं. गजरा कुठे दिसेना.

"तुझ्याच हातात दिला की मघाशी," हे म्हणाले. त्यांनी पोकळ्याकडे बोट केलं. "तिथे तर उभी होतीस."

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला गजरा आणला नव्हता. पहिला आणला, तो तिने घेतला.

मी आईंना सरळ विचारलं, तुम्हाला ह्या पोकळ्यात कुणी दिसतं का? त्यांनीच उलट विचारलं, आखाजीला बोटं बराबर लावली होतीस ना? मी म्हटलं, हो. त्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि पडून राहिल्या.

७

शेवटी मी सापळा लावला. चार वाजायच्या सुमाराला मोठ्याने सांगितलं की वर कपडे काढायला जाते, जिन्यावर पावलं वाजवली आणि अनवाणी परत येऊन हॉलच्या दारातल्या पडद्यामागे उभी राहिले. कूलरचा आवाज एवढा की माझं पाऊल कुणाला कळणार नव्हतं. हे दिवाणावर वाट बघत होते. चहाची नव्हे. चहाची वाट बघणारा माणूस पुन्हा पुन्हा केस सारखे करत नाही.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर घरघरत थांबला आणि घर एकदम उघडं पडलं. त्या शांततेत आधण उकळायचा आवाज आला. मग गाळणी कपावर आपटल्याचा.

पोकळ्यातून हात बाहेर आला. कोपरापर्यंत. बशीत कप, आणि मनगटात माझ्या बांगड्या, मी केस धुताना काढून ठेवलेल्या. ह्यांनी कप घेताना त्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि ती तिथेच राहू दिली. मी मान थोडी पुढे काढली. गर्डरच्या अगदी खाली कुणीतरी उभं होतं, मान ताठ, डोकं वर टेकलेलं, हंडा घेतलेल्या बाईसारखं. केसांत मोगरा होता. तेवढंच. मग लाईट आली, कूलर धडधडला आणि पोकळ्यात माझा ओटा दिसायला लागला.

मी देव्हाऱ्यातून करंडा घेतला. लावायचं राहिलेलं बोट आता लावायचं, जाऊ दे तिला तिच्या वाटेने. पुढच्या दारी जायची गरज नव्हती, ती ह्या दारात होती. मी हॉलच्या बाजूने पोकळ्यात बसले. उंबरठा नव्हता, सरळ जाणारी फरशी होती. कुंकवात बोट बुडवलं, दिपमाला म्हणायला तोंड उघडलं आणि खाली पाहिलं.

तिथे एक बोट आधीच लावलेलं होतं. ओलं. माझ्यापेक्षा बारीक बोटाचं, आणि तिकडून माझ्याकडे ओढलेलं, म्हणजे लावणारी आतल्या बाजूला बसली होती.

आखाजीला मी ज्यांची नावं घेतली होती त्यांतलं कुणी राहिलं नव्हतं. राहिलेली एकटी ती. स्वतःच्या नावाचं बोट कुणी स्वतः लावत नाही. मग हे कुणाच्या नावाचं?

मी पदराने ते खसाखसा पुसलं. पुसून उठताना डोक्यावर काहीतरी टेकलं. जड नव्हतं, नुसतं टेकलं. माझ्या तोंडून 'हुं' निघालं.

८

त्यानंतर हे माझ्याशी बोलत नाहीत. रागावलेत म्हणायचे. मीही आपणहून बोलायला जात नाही, मला मान आहे. आई माझ्याकडे बघतात आणि त्यांची नजर पुढे ओट्याकडे जाते. आमच्याकडे पाऊस झाला, श्रावणात कानबाई देवी बसली, उठली, तिच्या प्रसादाचे रोट खाऊन झाले. माझं ताट कोण वाढतं ते मी पाहिलं नाही, भूक फारशी लागत नव्हती. मागच्या अंगणात गवती चहा पुन्हा फुटलाय, मुळी राहिली असेल.

रुपचंद एकदा रंगाआधी बघायला आला. त्याने गर्डरच्या दोन्ही टोकांना बोटांनी ठोकून पाहिलं. त्याचं कोपर माझ्या खांद्याला लागायला हवं होतं.

"आते पक्कं बठनं," तो म्हणाला. "बठ्ठा भार बराबर शे."

मला मान वळवता येत नाही, म्हणून मी बहुतेक इथेच उभी असते. पोकळ्याच्या वर हॉलच्या बाजूने पुन्हा एक फोटो लावलाय, हार घालून. इथून, खालून, कुणाचा ते दिसत नाही. नुसती काच चमकते.

पण एक मात्र आहे. चार वाजले की दिवाणावर कुजबुज होते, आणि आता मला शब्द न् शब्द ऐकू येतो. आई म्हणतात, वृषालीसारखे मांडे कुणाला जमले नाहीत. हे म्हणतात, तिला डेंग्यू झाला होता तेव्हा मी जवळ बसायला हवं होतं. ह्यांचा आवाज भरून येतो. ह्या दारातून ती येत नाही; तेवढ्यात बोळातून बांगड्या वाजतात, आणि दोघं चिडीचूप. आई विचारतात, साखर टाकली का. चहा घेऊन येणारी कप ठेवते, थोडा आपटूनच. मी असं ऐकायला किती वर्षं झुरले होते.

तिचे ओठ घट्ट आवळलेले असतात. मला ते दिसतं, आणि बरं वाटतं.

९

आज आखाजी. उन्हं चढायच्या आत पुढच्या उंबरठ्याशी ती करंडा घेऊन बसली, पाठ आमच्याकडे. दिवाणावरून आईंनी सांगितलं, बठ्ठास्नं नाव ले, कोनलेच सोडू नको.

धुरपदाबाई, एक बोट. तोताराम, एक बोट. चुलत्या, मावळणी. मग तिने कुंकवात पुन्हा बोट बुडवलं, आणि मी श्वास धरला. तिने आता बोट टेकवलं की मला घागरीचं पाणी, सांजोरी आणि वाट. मग हे घर तिचं, आणि चारची कुजबुजसुद्धा माझ्या कानावर पडायची नाही.

तिने मान वळवून मागे पाहिलं. हे भिंतीला टेकून उभे होते. डोळे भरून आले होते. माझ्यासाठी.

तिचं बोट हवेत थांबलं. तिने पाठ फिरवली. ओठ हलले असतील, मागून कळत नाही. बोट तिने पदराच्या आतल्या बाजूला पुसलं. मला ठाऊक आहे ती घडी कुठे असते.

चार वाजता ती कुरडया काढायला गच्चीवर गेली. जिन्यावरची तिची पावलं वर पोचेपर्यंत मी थांबले. डोक्यावरचं थोडं हलकं झालं होतं. मी आधण ठेवलं, आलं ठेचून घातलं, गवती चहाला हात लावला नाही. बांगड्या ओट्यावरच काढलेल्या होत्या, त्या हातात चढवल्या. पोकळ्यातून कप पुढे केला तेव्हा ह्यांनी वर पाहिलं आणि माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली, ती तिथेच राहू दिली. एक घोट घेतला.

"आज चहा छान झाला, दिपमाला," हे म्हणाले.

मी हो म्हटलं.